पोस्टरवरचे ओले पाय

थोरलीने परवा फोनवर विचारलं, "आजी, तुला कधी एखाद्या पोस्टरची भीती वाटली का गं?" तिला यंदा कॉलेजात भुताच्या सिनेमाचं पोस्टर करायचं आहे. मी "नाही" म्हटलं आणि तुमच्याकडे थंडी किती पडली ते विचारलं. फोनवर सांगायला जमलं नसतं, म्हणून तुम्हा दोघांसाठी लिहून पाठवते आहे.

आपल्या आर्वीच्या घरासमोरच्या लांब भिंतीवर टॉकीजवाले अजूनही पोस्टर चिकटवतात. पोळा झाल्यावर तिथे एका भुताच्या सिनेमाचं पोस्टर लागलं. मी येताजाता ते पाहिलं असेल, पण लक्ष दिलं नाही.

शेजारची चौथीतली मुलगी रोज संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी वाचायला येते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमचे आजोबा गेल्यापासून या घरात माझ्या आवाजाला उत्तर देणारा तेवढाच एक आवाज उरला आहे. पोस्टर लागलं त्याच आठवड्यात ती यायची थांबली. मला वाटलं ताप असेल, घरोघरी ताप होताच. शेवटी कंपाउंडजवळ जाऊन तिच्या आईला विचारलं. ती कपडे वाळत घालत होती.

"काऊन वं, पोरगी दिसली नाई इतक्यात?"

"काई नाई काकू. अभ्यास हाय तिले."

"अभ्यासाले तं माझ्याकडंच येते ना?"

तिने चादर झटकली, दोरीवर टाकली आणि चादरीआडूनच म्हणाली, "भेऊन राह्यली काकू. थ्या पोस्टरले. म्हणते, आजी तशीच दिसते. मी दिला तिले एक रट्टा."

"मारू नको तिले."

"मंग का करू? हडळ शेजारी राह्यते म्हणते."

"तं घरमालकाले सांग, शेजार असा हाय, भाडं कमी कर म्हणा."

ती हसली, मीही हसले. घरात आले. मग काठी घेतली, रस्ता ओलांडला आणि पोस्टरसमोर उभी राहिले.

थोरले, तुझ्या उपयोगाचं असेल म्हणून नीट सांगते. चित्रात एक बाई जुन्या घराच्या दारात उभी होती. पांढरं पातळ, मोकळे केस, कपाळ मोकळं. ती मधोमध नव्हती, अगदी कडेला होती, अर्धा चेहरा कागदाबाहेर गेलेला. उरलेला सगळा कागद रिकामा अंधार. त्या रिकाम्या जागेत कोणी नव्हतं, तरी माझी नजर पुन्हापुन्हा तिथेच जात होती. उजेड खालून आलेला, त्यामुळे हनुवटी उजळ आणि डोळ्यांच्या जागी खाचा. कुठल्याही फोटोत माणसाच्या डोळ्यांत उजेडाचा एक बारीक ठिपका असतो. तो इथे पुसून टाकला होता. एवढ्यानेच ती बाई पाहत असूनही पाहत नव्हती. रंग म्हणाल तर दिव्याचा आजारी पिवळा आणि कडेने शेवाळासारखा हिरवा. लाल कुठेही नव्हता.

माझंही पांढरं पातळ, मोकळं कपाळ. न्हाल्यावर मीही केस मोकळे सोडून ओट्यावर बसते. चित्रकाराने मला पाहिलेलं नव्हतं. त्याला भीतीसाठी एक बाई हवी होती आणि त्याने आम्हा विधवांतली एक उचलली.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई स्वतःच आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "काकू, राग नका मानू. एक टिकली लावत जा ना. आजकाल सगळ्याच लावतात. हडळीले कुकू नसते, पोरीले समजन."

मला राग आला नाही. तुमचे आजोबा गेले तेव्हा माझं कुंकू कोणी पुसलं नव्हतं, मी पुसू दिलंच नसतं. पुढे माझं मीच लावेनाशी झाले. सकाळी आरशासमोर बोट कपाळापर्यंत जायचं आणि पुढे काही सुचायचं नाही. पण मुलगी यायला हवी होती. मी टिकलीचं जुनं पाकीट शोधलं आणि एक बारीक मरून टिकली लावली. आरशात दिसली ती कोणी ओळखीची बाई, मी नव्हे.

संध्याकाळी आईने मुलीला फाटकापर्यंत आणलं. "पाह्य, आजीनं टिकली लावली." मुलीने माझ्या कपाळाकडे पाहिलंच नाही. मी चार पावलं पुढे गेले तशी ती आईच्या मागे सरकली. मान खाली, नजर माझ्या पायांवर.

त्या गेल्यावर मी पुन्हा भिंतीशी गेले आणि या वेळी काठीवर भार देऊन वाकले. मुलीच्या उंचीएवढी. तिथून बाईचा चेहरा दिसतच नव्हता. डोळ्यांसमोर होती पोस्टरची खालची कड, आणि तिथे फरशीवर उमटलेली ओली पावलं. बाई दारातून आत येत होती आणि पावलांची बोटं मात्र मागे, दाराकडे होती. हडळीचे पाय उलटे असतात हे इथल्या लेकरांना सांगावं लागत नाही. आम्ही मोठ्यांनी वर पाहून कपाळाची काळजी केली होती.

माझा उजवा पाय तुम्ही पाहिलेला नाही. गेल्या वर्षी न्हाणीत पडले तेव्हा मोडलेलं हाड वाकडं जुळलं, पाऊल बाहेर वळलेलं राहिलं. तुम्हाला कळवताना मी "आता बरी आहे" एवढंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी टिकली लावली नाही. मुलीला फाटकातूनच म्हटलं, "ये, तपासून घे माझे पाय." अंगणातल्या नळाखाली दोन्ही पाय भिजवले आणि ओट्याच्या फरशीवर काठी न घेता चालून दाखवलं. भिंतीला हात लावत, सावकाश. ती लांबून आली, उकिडवी बसली आणि पावलं वाळेपर्यंत पाहत राहिली.

"एक पाय तं सरळच हाय, आजी."

"आन दुसरा?"

तिने विचार केला. "थो जाऊन राह्यला."

"कुठं?"

"मले काय मालूम."

 मग ती घरून पुस्तक घेऊन आली. आत येऊन दारालगतच्या खुर्चीवर बसली आणि धडा वाचू लागली. चांगलं वाचत होती, मोठ्याने, एका दमात. या घरात कोणी चपला घालून आत येत नाही, तुमच्या वडिलांनाही मी कधी तसं येऊ दिलं नाही. तिच्या पायांत चपला होत्या, पट्टे घट्ट लावलेल्या, वेळ आली तर पळता यावं म्हणून.  मी दार सताड उघडं ठेवलं आणि पुढचं पान उलटायला सांगितलं.