गोड्या पाण्याने धुतलेलं इंजिन

४ ऑक्टोबर २०२५, शनिवार. कणकवलीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सुभद्राने एक हजार तीनशे चाळीस रुपये मोजले आणि अंगठ्याएवढा एक सेन्सर घेऊन ती एसटीने मिठबावला परत आली. इलेक्ट्रिकचा माल परत घेतला जात नाही, हे दुकानदाराने दोनदा बजावलं होतं. चार तास जाण्यायेण्यात गेले. घरी पोचल्यावर तिने आधी सासऱ्यांना जेवायला वाढलं आणि मग स्वतः पाणी प्यायली.

सुभद्रा माझी शेजारीण. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढ्या दगडी भिंतीचा एक गडगा आहे, त्यामुळे तिची गाडी सकाळी कितीला सुरू होते हे मला घड्याळ न बघता कळतं. पावणेसात. गाडी म्हणजे तिच्या नवऱ्याची, विनीतची, आठ सीटची जुनी व्हॅन. विनीत पाच वर्षांपूर्वी छातीत दुखण्याचं निमित्त होऊन गेला. खारेपाटणच्या आतल्या गावातून लग्न होऊन आलेल्या या बाईने तोपर्यंत सायकलही चालवली नव्हती. दिवस झाल्यावर व्हॅन विकायचं ठरलं, गिऱ्हाईकही आलं. त्याने सांगितलेला आकडा ऐकून सुभद्रा आत गेली आणि पुढच्या आठवड्यापासून शाळेच्या मैदानावर गाडी शिकू लागली. तेव्हापासून ती वाडीतली आठ मुलं शाळेत नेते आणि आणते. मुलगी अनुजा कोल्हापुरात नर्सिंग शिकते. तिचा खर्च या आठ मुलांवर चालतो.

सप्टेंबरमध्ये तिचे दोन खाडे झाले. एकदा सासऱ्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, एकदा टायर गेला. पालकांची बैठक झाली. गावातल्याच जितेंद्रने नवी व्हॅन घेतली होती, तो मुलं न्यायला तयारच होता. आणखी एक खाडा झाला तर गाडी बदलू, असं ठरलं. तिसरा खाडा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी झाला. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं घरघरायचं, पेटायचं नाही. देवगडहून मेकॅनिक आला, त्याने छोटं यंत्र जोडून बघितलं आणि इंजिनाला ठिणगीची वेळ कळवणारा क्रँक सेन्सर गेल्याचं सांगितलं. बदलायला मात्र त्याला मंगळवारपर्यंत सवड नव्हती. संध्याकाळी पालकांचा निरोप आला. दसऱ्याला जोडून बऱ्याच मुलांनी सुट्टीच घेतली होती म्हणून हा दिवस सोडून दिला आहे, पण सोमवारी गाडी दारात आली नाही तर जितेंद्रला सांगतो.

म्हणून रविवारी दुपारी तिने स्वतःच काम काढलं. मेकॅनिकसाठी थांबावं का, असं मी गडग्यावरून विचारून बघितलं.

"भाऊंनू, तो मंगळवारी येतलो. पोरां सोमवारी शाळेत जातली," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. इतक्या थकलेल्या माणसाला रागवायलाही बळ लागतं.

मी गडगा ओलांडून पलीकडे गेलो. तिने मोबाइलवर एक व्हिडिओ तीनदा बघून ठेवला होता. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. तिने सीट उचलली, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि बाजूने, गिअरबॉक्सच्या अंगाला, हात घातला. सेन्सर एकाच बोल्टवर होता, पण जागा अशी की बोटं पोचली तर नजर पोचत नाही. टॉर्च धरायला दत्ताराम उभे होते. ते तिचे सासरे, वय एकोणऐंशी. तीस वर्षं जहाजावर खलाशी होते.

त्यांच्याविषयी एक सांगायला हवं. जहाजावर डेकपासून साखळीपर्यंत सगळं गोड्या पाण्याने धुवायचं, म्हणजे खारं लोखंडात शिरत नाही, ही त्यांची आयुष्यभराची शिस्त. घराची कडीसुद्धा ते महिन्यातून एकदा धुतात. बुधवारी खंडेनवमीला सुभद्रा बाजारात गेली असताना त्यांनी व्हॅन पूजेसाठी धुतली. सीट उचलली आणि विहिरीच्या पंपाची नळी इंजिनावर चांगली पाव तास धरली. मी तेव्हा ओसरीवर पेपर वाचत होतो. मला ते बघून बरंच वाटलं होतं. नंतर त्यांनी गाडीला गोंड्याच्या फुलांचा हार घातला. गुरुवारी, दसऱ्याला, शाळेला सुट्टी होती; गाडी जागची हलली नाही.

बोल्ट सुटला, सेन्सर सुटेना. मी नाक्यावरच्या धोंडूच्या दुकानातून तिच्या नावावर उधारीने गंज सोडवणारा स्प्रे आणून दिला. अर्धा तास थांबून तिने पकडीने सेन्सर डावी-उजवीकडे हलवला आणि तो निघाला. नवा बसला, बोल्ट आवळला, वायरचा प्लग लावला, काळी वायर जोडली. मी किल्ली फिरवली.

घरघर. पुन्हा घरघर. इंजिन पेटलं नाही.

सुभद्रा व्हॅनच्या पायरीवर बसली. हाताला काळं तेल लागलं होतं, म्हणून तिने मनगटाने कपाळ पुसलं. दत्ताराम टॉर्च बंद करायचं विसरले होते. मग ती उठली, काळी वायर पुन्हा सोडवली, आत हात घातला आणि नुकताच लावलेला प्लग काढून तळहातावर झटकला. दोन थेंब पडले. प्लगच्या आतल्या पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या.

तिने तळहाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. सासऱ्यांकडे मुद्दाम बघितलं नाही. पण म्हाताऱ्याचे डोळे अजून चांगले आहेत.

"ह्या पाणी मी घातलंय," दत्ताराम म्हणाले.

"घातलास ता घातलास. टॉर्च हय धरा."

"तीस वर्सां मी गोड्या पाण्यान..."

"बाबांनू, टॉर्च."

त्यांनी टॉर्च धरला. तिने पॉलिश पेपरचा तुकडा झाडूच्या हिराला गुंडाळला आणि एकेक पट्टी घासली. अनुजाचा केस वाळवायचा ड्रायर घरात होता, तो लांब वायर लावून आणला आणि प्लगमध्ये वीस मिनिटं गरम वारा घातला. मुलगी नसताना तिची वस्तू वापरतेय म्हणून तिला उगाच अवघडल्यासारखं झालं, ते तिने मला सांगितलंही. मग सगळं परत जोडलं. या खेपेला इंजिन दुसऱ्या फेरीत पेटलं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, जुना सेन्सर परत लावून बघूया, कदाचित तो चांगलाच असेल.

"नको," ती म्हणाली. "तो चांगलो निघालो तर माका रात्री झोप येवची नाय."

जुना सेन्सर तिने कागदात बांधून डिकीत टाकला. दत्ताराम एव्हाना ओसरीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते. संध्याकाळी त्यांनी पेज नको म्हणून सांगितलं. ती भांडं घेऊन त्यांच्यापुढे बसली. माझ्या ओसरीवर ऐकू येत होतं.

"पुढच्या वर्साक गाडीचे पाय तेवडे धुवा. पोटात पाणी नको."

थोड्या वेळाने चमचा भांड्याला लागल्याचा आवाज आला.

सोमवारी पावणेसातला व्हॅन सुरू झाली. आठही मुलं वेळेवर शाळेत पोचली. पालकांकडून बरं-वाईट काहीच आलं नाही. चार दिवसांनी एवढंच कळवलं की दिवाळीपर्यंत गाडी तीच राहील, पुढचं पुढे बघू. सुभद्राने तो निरोप वाचला, फोन फळीवर ठेवला आणि शुक्रवारचे कपडे धुवायला घेतले.

धोंडूच्या दुकानाचे एकशे नव्वद रुपये अजून द्यायचे आहेत.