आमचे वजा अठराचे साडू

आपली खुशाली वजा आकड्यात सांगणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. "कसे आहात साडूभाऊ?" म्हटलं की निलंग्याहून उत्तर येणार, "वजा अठरा." म्हणजे झकास. हे गृहस्थ घरोघरी इंटरनेटची फायबर जोडतात. तारेतून येणारा उजेड वजा आकड्यांत मोजायचं मीटर कायम खिशात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा. उजेड वजा सत्तावीसच्या खाली गेला की घरातल्या इंटरनेटच्या डब्याला काही दिसत नाही आणि वजा आठच्या वर चढला तर डब्याचा डोळाच जळतो, हे शास्त्र ऐकता ऐकता माझा भात कितीदा गार झालाय. एकदा तिथल्या आडत दुकानातल्या अप्पांनी लांब पल्ल्याचे दोन डबे एकाच खोलीत हातभर तारेने जोडले. एक डबा गेला. अप्पा वैतागले, "उजेड लई झाला म्हणून कुणी आंधळं होतंय का?" साडू शांतपणे म्हणाले, "होतंय की. लई जवळ हाय ना." आणि मधे उजेड कमी करणारा बोटभर तुकडा बसवून दिला.

पुढे हा तुकडा ते माणसांतही बसवू लागले. आम्ही हसण्यावारी नेलं. पण एकुलती एक लेक लग्न होऊन पुण्याला गेली आणि यांनी तिला फोन करणंच जवळपास सोडलं. मेव्हणीने तिच्यासाठी लाडू भरले की हे निम्मे काढून ठेवत. "नवी जोडणी हाय. ती तिकडं आत्ता कुठं रुळायलीय. माहेरचा उजेड एकदम पडू देऊ नये." हे सांगताना जीव मात्र सगळा पुण्यात.

संक्रांतीला मी लातूरहून फोन केला. "कसे आहात?"

 ते म्हणाले, "वजा सव्वीस. दिवा चालू हाय अजून."

मला राहवेना. सांगून टाकलं, की पोरगी माझ्याजवळ रडली, 'काका, बाबांना माझी आठवणच येत न्हाई का' म्हणाली.

"तिच्याकडंबी सव्वीसच येतंय म्हणा," ते हळूच म्हणाले. "तार चांगली हाय. मधला तुकडा मीच हाय."

दुसऱ्या दिवशी ते लाडवांचा अख्खा डबा घेऊन पुण्याच्या एसटीत बसले. मीटर घरीच राहिलं, असं मेव्हणीने सांगितलं. तेव्हापासून मी खुशाली विचारायला फोन लावतो, तर साडू लेकीशी बोलण्यात गुंतलेले असतात. 'वजा अठरा' ऐकून बरेच दिवस झाले, आणि मला त्याची फार आठवण येते.