आईचं जुनं माप

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. आमच्या भावोजींचं मात्र दात कोरूनच भरतं. ते कवळ्या बनवतात. दवाखान्याच्या तळघरात बिनखिडकीची खोली, वितळलेल्या मेणाचा वास आणि फळीवर ओळीने अनोळखी लोकांचे प्लास्टरचे जबडे. माणूस समोर येतच नाही, नुसतं त्याचं तोंड येतं. त्यावरून ते सांगतात, ही बाई एकाच बाजूने चावते, हा गृहस्थ झोपेत दात खातो.

या देशात ते आणि माझी ताई सहा वर्षं तात्पुरत्या परवान्यावर राहताहेत. अर्जाचा निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही, सोडला की अर्ज बाद. आणि एकाचा निकाल लागतो तोवर दुसऱ्या अर्जाची वेळ येते. त्यामुळे सहा वर्षांत भावोजी एकदाही घरी गेलेले नाहीत. तिकडे त्यांची आई एकटीच असते; मी तिला मावशी म्हणतो. माझे कागद कायमचे झालेत, म्हणून जाऊन येऊन असतो तो मी.

गेल्या महिन्यात भावोजींना तिसऱ्याच एका देशातून नोकरीचं पत्र आलं. गेलं तर मध्ये महिनाभर आईजवळ राहता येणार होतं, पण इथली सहा वर्षं पाण्यात आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. थांबलं तर दहा महिन्यांत इथेच कायमचं होण्याची आशा, मग आईकडे केव्हाही जा. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय!

सगळं येऊन आईवर अडलं. "आई धडधाकट असली तर दहा महिने कसेही निघतील," भावोजी म्हणायचे. धडधाकट असल्याचा त्यांच्याकडचा पुरावा म्हणजे कवळी. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी नवी करून पाठवली होती. व्हिडिओ कॉलवर रोज विचारायचे, "चावता येतंय ना गं?" आणि आई गालाला हात लावून म्हणायची, "अगदी झक्कास बसलीय रे."

ती कवळी केली होती निघायच्या आदल्या दिवशी स्वतः घेतलेल्या मापावर. म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या. दुसऱ्या कुणी इतकं जुनं माप पाठवलं तर भावोजी डॉक्टरांनाही झापतात, "हिरडी झिजते हो, ती कुणासाठी थांबत नाही." आईची मात्र थांबली असेल असं त्यांनी गृहीत धरलं. तो साचा ते मला कौतुकाने दाखवायचे. आईच्या टाळूवर मधोमध हाडाचा उंचवटा आहे, तस्साच भावोजींच्याही टाळूवर आहे. "वडिलोपार्जित इस्टेट," म्हणून हसायचे.

मी त्याच आठवड्यात, बुधवारी, तिकडून परतलो होतो. कवळी कपाटात डबीत असते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. फोन आला की मावशी ती घालायची आणि पडू नये म्हणून गाल दाबून धरायची. एरवी दिवसभर पातळसातळ खाणं. मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. मी चिडलोच. ती म्हणाली, "त्याला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड पाहशील. सगळं टाकून धावत येईल तो. माझ्यापायी सहा वर्षं घालवायची का त्याने?"

नव्या मापासाठी डॉक्टरकडे यायला ती कशीबशी तयार झाली, तीही एका अटीवर. "माझं आहे म्हणू नकोस. कुणा गिऱ्हाईकाचं आहे म्हण."

त्या नव्या मापाचा साचा माझ्या बॅगेत होता आणि मी मूग गिळून बसलो. शपथ होती, ते खरंच. पण ताई गेली असती तर या परक्या मुलखात मी एकटा पडलो असतो, हे त्याहून खरं. शुक्रवारी दुपारी भावोजींनी विचारलं, "तू आत्ताच पाहून आलास. कशी आहे रे आई?"

"मजेत," मी म्हणालो.

त्यांनी नकार पाठवून दिला. मला हायसं वाटलं. त्याची आता लाज वाटते.

शनिवारी मला राहवेना. मी साचा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला. "एक गिऱ्हाईक आहे. कवळी हवीय."

भावोजींनी चष्मा चढवला. खालच्या जबड्यावरून अंगठा फिरवला. "ऐंशीच्या पुढची दिसते."

मावशी अडुसष्टची आहे.

"कित्येक महिन्यांत धड काही चावलेलं नाही हिने. कुणीतरी भलत्याच मापाची कवळी गळ्यात मारलीय, बघ, इथे जखमेचा खळगा आहे. आणि हाड पार सपाट झालंय, यावर आता काही टिकायचं नाही." ते खरोखर चिडले होते. "घरात कुणी नाही का हिचं? पोरं काय करतात?"

ताईने माझ्याकडे पाहिलं.

भावोजींनी वरचा जबडा उचलला, उलटा केला. अंगठा टाळूवरून सरकत मधोमध येऊन थांबला. गालाच्या हालचालीवरून मला कळलं, ते जिभेने स्वतःची टाळू चाचपत होते.

मग त्यांनी साचा फार सांभाळून टेबलावर ठेवला.

"हा तुझ्याकडे बुधवारपासून होता?"

"हो," मी म्हणालो.