नासिबेकोचा भरवसा

मलावीतल्या एका मिशनच्या दवाखान्यामागे वाढलेली एल्सपेथ ही पाद्रीसाहेबांची एकुलती लेक. आई तिच्याशी इंग्रजीत बोलायची, तिला सांभाळणारी नासिबेको चिचेवात. पोरीला दोन्ही भाषा येत, त्यामुळे घरातलं काही तिच्यापासून लपत नसे. ती दहा वर्षांची झाली तेव्हा मात्र ती खोलीत आली की दोघीही गप्प होऊ लागल्या. आई तिच्यासाठी लोकरीचे झगे शिवत होती. या उकाड्यात लोकर कशाला?

"नासिबेको, मला कुठे पाठवताय?"

"कुठे नाही गं. न्सिमा गार होतेय, जेव आधी."

बोलताना नासिबेकोने नजर चुकवली आणि पोरीचा संशय पक्का झाला. पंधराच दिवसांत तिची रवानगी स्कॉटलंडच्या निवासी शाळेत झाली. "सुट्टीत आणू हं," असं वडील म्हणाले होते. तिने ते खरं मानलं नाही, आणि ते खरं झालंही नाही.

चोविसाव्या वर्षी ती नर्स होऊन परतली. नासिबेकोने तिला दारातच अडवलं.

"किती दिवस?"

"आता इथेच राहणार."

"तुमची माणसं असंच म्हणतात, नि एक दिवस पेटी बांधतात."

दोन वर्षं म्हातारीची नजर तिच्यावर होती. टपालाने जाड पाकीट आलं की विचारायची, "बोलावणं आलं वाटतं?" तिसऱ्या वर्षी पेरणीच्या तोंडावर तिने एल्सपेथच्या हाती कुदळ दिली आणि आपल्या शेताच्या कडेची पट्टी दाखवली.

"इथे मका लाव. निघून गेलीस तर मी नाही राखणार!"

एल्सपेथने तिथेच खणायला घेतलं.