आत्याचा टाक

भाजे गावाहून निघाले तेव्हा आई रडली नाही. देव्हाऱ्यातला आत्याचा टाक उचलून तिने फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. “ह्या गोरीला तिच्या मान्सांत सोड. मंग आमच्या वन्सं मोकळ्या हुतील,” म्हणाली. मला फ्रान्समध्ये नोकरी लागल्याचा आनंद हिला एवढ्यासाठीच झाला की काय, असं वाटून मी फुरंगटलेच.

तो टाक म्हणजे जुनी फ्रेंच सोन्याची डबी. झाकण उघडलं की काचेखाली निळ्या झग्यातल्या गोऱ्या बाईचं इवलंसं चित्र. लोणावळ्याच्या एका बंगल्यात म्हातारी फ्रेंच बाई राहायची, तिच्या आजीची ही डबी. आत्या त्या बाईचं सगळं करायची, स्वयंपाकापासून वेणीफणीपर्यंत. मरताना बाईने डबी तिला दिली. आत्याचं लग्न झालं नाही. अशी बाई गेली की तिचा चांदीचा टाक करून देवात बसवायचा, म्हणजे तिचा जीव घरात शांत राहतो, ही आमच्याकडची रीत. आईने डबीच बसवली, कारण आत्याने ती शेवटपर्यंत उशाशी ठेवली होती. तिथेच चुकलं, असं आई पुढे म्हणायची. एका टाकात दोघी बसल्या, आत्या आणि चित्रातली गोरी. एकीला घरात राहायचं, दुसरीला घरी जायचं. सकाळी वाहिलेली फुलं दुपारी दाराच्या बाजूला सरकलेली असायची. आम्ही ते उंदरांवर ढकलायचो. उंदीर रोज एकाच दिशेला फुलं नेत नाहीत हे कळलं, तेव्हापासून मी देव्हाऱ्यासमोर एकटी बसले नाही.

इथे ल्यों शहरात डबी बरेच दिवस सुटकेसमध्येच होती. ऑफिस, मेट्रो, फ्लॅट, आणि रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आईचं एकच, सोडलीस का. शेवटी वैतागून जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेले. चित्रातली बाई कोण, हे त्या म्हाताऱ्या दुकानदारालाही सांगता येईना. अशा डब्यांत चित्रामागे माणसाचे केस ठेवत, असं म्हणत त्याने मागचं झाकण उचकटलं. केस होते. आतल्या काचेखाली एक पिंगट बट आणि तिच्यात गुंफलेली एक काळीभोर. भिंग लावून त्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. ती काच बसवल्यापासून कधी निघालेलीच नव्हती. मग डबी नाकाशी नेऊन त्याने विचारलं, हा वास कसला?

माक्याच्या तेलाचा. आत्या तेच लावायची.

“वेणी अर्धवट आहे,” तो म्हणाला. “दोनच पेड. तिसऱ्याची जागा मोकळी ठेवली आहे.”

दुकानातूनच आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “ऱ्हाऊ दे तितंच. आन् तू माघारी ये. लगीच ये.” आयुष्यात पहिल्यांदा तिने मला परत बोलावलं. मला रडू फुटलं.

मी गेले नाही. आत्याला परक्याच्या काउंटरवर टाकून कशी जाऊ? डबी घरी आणली, स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली. गावाकडचे तुम्ही विचारता, तिकडचीच झालीस का. काय सांगू? भाज्यातली माझी खोली दादा शनिवार-रविवार पर्यटकांना देतो, त्यात त्याचं काही चुकलं नाही. इथल्या शेजारणीला माझं नावही नीट घेता येत नाही. हल्ली सकाळी केस विंचरते तेव्हा फणीत एकही केस अडकत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण माझ्यासाठी जागा राखून ठेवलेलं ठिकाण आता त्या अर्ध्या वेणीतलंच उरलंय.