उंबऱ्यावरचे बूट

शेजारच्या नलूताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. चालताना डावं पाऊल नीट उचललं जात नाही, फरफटतं. हल्ली त्या गुडघ्याखाली एक पट्टा बांधतात. बुटात टाचेखाली बटण असतं. टाच उचलली की पायाला विजेचा बारीकसा झटका बसतो आणि पाऊल वर येतं.

परवा हळदीकुंकवाला मी त्यांना आमच्याकडे घेऊन आले. दाराशी त्यांनी सवयीने बूट काढले आणि पुढच्याच पावलाला उंबऱ्याशी अडखळल्या. मी धरलं म्हणून बरं.

"बघ, विसरलेच," त्या ओशाळून म्हणाल्या.

आमच्या आईने डॉक्टरांनाही कधी चपला घालून आत येऊ दिलेलं नाही. माणसाला घरात घेताना आपण त्याला काय काय बाहेर ठेवायला लावतो, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात आई ओलं फडकं घेऊन आली, खाली बसली आणि तिने दोन्ही बुटांचे तळ स्वच्छ पुसले.

"घाल गं नलू, आणि ये."

डावं पाऊल अलगद उचललं गेलं, उंबरा ओलांडून देवघरापर्यंत गेलं. त्यांच्या मागोमाग मीही नादात आत शिरू लागले.

आई म्हणाली, "तुझ्या चपला काढ."