पायाळू आप्पांची लाथ

आप्पांनी माझ्या पाठीत लाथ घातली, तवा शेवंती तोडणाऱ्या सगळ्या बाया हसल्या. मीबी हसले. काय करणार, कामावर व्हते.

आप्पा म्हंजी मळ्याचे मालक. वडगाव रासाईत, नदीकडंला त्यांची फुलं. ते पायाळू, म्हंजी जन्मताना पाय आधी बाहेर आलेले. असल्या माणसानं पाठीला पाय लावला की उसण जाती, असं आमच्यात मानत्यात. पाय नुसता टेकवायचा असतो. लांबलांबनं लोक यायचे त्यांच्याकडं. मी काय पाय मागाया गेले नव्हते. पाट्या उचलवत न्हाईत, बसून तोडते, एवढंच म्हणाले. पाठ कित्येक महिने ठणकत व्हती, तिन्हीसांजंला कणकण यायची, अंगावरचं मांस गेलं व्हतं. त्यांना नाटक वाटलं.

"वाक. हिची उसण न्हाई, आळस काढतो."

बांधावर ओणवी केली आन् घातली.

मग पायात मुंग्या ऱ्हायल्या. एक दिवस घरी आले तर एका पायात चप्पलच न्हाई. वाटंत कुठं निसटली, मला कळलंबी न्हाई. पुढं पाय लटपटाया लागले, कमरंखालचं सगळं मेल्यागत झालं. अंथरुणातच व्हायचं, माझी पोरगी धुवायची. लाज वाटायची. लई लाज. शेवटी भावानं जीपमधी आडवी घालून केडगाव स्टेशनला आणलं, तिथनं पुण्याला, सरकारी दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मणक्याला टीबी झालाय, पू साठून नस दबलीय, ऑपरेशन करावं लागंल. मी लाथेचं सांगितलं. टीबी लाथेनं व्हत न्हाई म्हणाल्या, पर आतनं पोखरलेल्या हाडावर ती बसली. त्यांनी पू काढला, सडका मणका काढला, सळया बसवल्या. टीबीच्या गोळ्या सरता सरंनात. पोट ढवळायचं, लघवी लाल व्हायची. पोरीचा हात धरून पुन्हा चालाया शिकले. डावं पाऊल अजून बधिरच हाय.

गावात आले तर आप्पा सांगत फिरत व्हते, माझ्या पायानं उठली ती. बरं झाल्यावर पायाळूला नारळ द्यायचा, पाया पडायचं, अशी रीत. नवरा म्हणाला, पड की, बसून करायचं काम देतील. मी दमले व्हते. गेले नारळ घेऊन.

त्याच बाया व्हत्या. आप्पांनी खाटंवरनं पाय पुढं केला.

"धर. ह्याच पायानं उठलीस."

एक बाई कळवळून म्हणाली, तिच्या पाठीत सळया हायत, वाकता येत न्हाई तिला, ऱ्हाऊ द्या. चांगल्या मनानं बोलली. मी नुसतं व्हय म्हणले असते तर सुटले असते.

"येतं वाकता," मी म्हणाले. "आप्पा, ह्याच पायानं मी आडवी झाले व्हते."

कुणी हसलं न्हाई. खाली बघितलं तर बधिर पायातली चप्पल निसटलेली. दवाखान्यात शिकवलं व्हतं तशी पाठ ताठ ठेवून गुडघ्यात बसले, ती पायात घातली, आन् नारळ घेऊन घरी आले. पोरीला फोडून दिला.

काम गेलं. नवरा धड बोलत न्हाई. पाठ रोज दुखती, दुखणारच हाय. आता पोरगी कामाला जाती. तिच्या पाठीवर कुणी पाय उचलला, तर तो पाय मी धरीन. पाया पडाया न्हाई.